न पाहिलेले सिनेमे

आमच्या गावात टॉकीज नव्हतं. आजही नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या जंगलाच्या कडेला आमचं गाव. चारही बाजूंनी धानाच्या बांध्या, मधे मामा तलाव, आणि तलावाच्या पाळीवरून जाणारी एक पायवाट. सिनेमा पाहायचा तर वडसा गाठावं लागे, नाहीतर थेट गोंदिया. त्या वेळी आमचा जिल्हा भंडारा होता. गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला.

पण म्हणून आमच्याकडे करमणूक नव्हती असं कोणी समजू नये. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होत. दिवसा मंडईत जिलेबी, चिवडा, बांगड्या, आणि रात्री दंडार. कुठे शंकरपट असला तर बैलजोड्यांच्या मागे आजूबाजूची दहा गावं लोटत. आणि नाटकं! झाडीपट्टीत नाटकाला टीव्ही मारू शकला नाही, व्हिडिओ मारू शकला नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. नाटक रात्री सुरू होतं ते पहाटे कोंबडा आरवेपर्यंत चालतं. लोक घरून पोतं नि चादर घेऊन जातात. २०२३ मध्ये याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना झाडीपट्टी कुठे आहे हे विचारावं लागलं असेल. आम्हाला नाही लागलं.

सांगायचं आहे ते मात्र नाटकाचं नाही, सिनेमाचं. त्यातही मी न पाहिलेल्या सिनेमांचं.

१९९४ च्या जूनमध्ये मी बी.ए. करायला गोंदियाला गेलो. स्टेशनच्या मागे एका घराच्या माडीवर आम्ही तिघं पोरं राहत होतो. घरून तांदूळ, तुरीची डाळ, लाल मिरच्या असं सगळं यायचं. नगद पैसे मात्र मोजके. गोंदिया म्हणजे आमच्यासाठी शहर. बाजारात हिंदी, स्टेशनवर हिंदी, पानठेल्यावर हिंदी. आणि भिंतीभिंतीवर सिनेमाची पोस्टरं. मी पोस्टरं अशी वाचायचो, जशी आमचे आबाजी पोथी वाचत. वरपासून खालपर्यंत, निर्मात्याच्या नावासकट.

तेव्हा मी एक शंभर पानी वही केली होती. तिच्यात कॉलेजचं काही नव्हतं. सिनेमाच्या बातम्या आणि त्यावरचं माझं मत, एवढंच. केस कापायच्या दुकानात जुनी 'मायापुरी' मिळायची, भज्याच्या दुकानात पेपरची सिनेमाची पानं पुडीला लागायची. तेलाचे डाग पडलेले ते कागद मी खिशात घालून आणायचो. वही अजून आहे. कडा वाळवीनं खाल्ल्या, पण वाचता येते. त्यातलं थोडं इथे देतो, म्हणजे तेव्हाचा मी कसा होतो ते कळेल.

"हम आपके हैं कौन. गाणी चौदा. लग्नाच्या पंगतीत साडेतीन तास बसलो आणि उपाशी उठलो असं वाटलं. माधुरी छान. कुत्रा त्याहून छान. लक्ष्मीकांत बेर्डेला नोकर केला. मराठी माणसाला मुंबईतही नोकराचंच काम. निषेध."

"सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स झाली मे महिन्यात, ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली आता नोव्हेंबरात. मग मोठी कोण? रूम पार्टनर म्हणतो ऐश्वर्या. मी म्हणतो जगापेक्षा विश्व मोठं. यावर आज भाजी करपली."

"पंचमदा जानेवारीत गेले. '१९४२ अ लव्ह स्टोरी' जुलैत आला. मेलेल्या माणसाची गाणी पानठेल्यावर नवी म्हणून वाजून राहिली. ऐकताना कसंतरी होते."

एकोणीस वर्षांच्या पोराची मतं ही. त्यांचा कोणाला उपयोग नव्हता. पण शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं मी अर्जुनीला उतरून गावी पोचलो की त्या वहीची वाट पाहणारी पाच-सहा माणसं आमच्या ओसरीत बसलेली असत. सगळ्या बाया.

आमच्याकडे रोवणी आणि कापणी सोडली तर बायांचं काम म्हणजे बिडी. मांडीवर सूप, सुपात जर्दा, भिजवलेली तेंदूची पानं, कैची आणि पत्र्याचा साचा. साच्यावर पान ठेवायचं, कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, तोंड मुडपायचं, सुतानं बांधायचं. हजार बिड्यांवर मजुरी. सट्टेदाराकडे माल नेला की तो हातात घेऊन दाबून पाहणार आणि छाट काढणार. ही ढिली, ही बारकी, ही फाटली. छाट झालेल्या बिड्यांचे पैसे नाही, आणि बिड्या मात्र त्याच्याकडेच राहणार. माझ्या कॉलेजची फी या बिड्यांतून गेली आहे. म्हणून बिडी ओढणाऱ्याकडे मी आजही वेगळ्या नजरेनं पाहतो. त्याच्या बोटात कोणाची तरी अर्धी रात्र असते.

हजार पुरे करायचे तर रात्री कंदिलाशी बसावंच लागे, कारण लाइट कधी जाईल याचा भरवसा नव्हता. आई, मोठी माय, शेजारच्या दोघी-तिघी अशा एकत्र बसायच्या. एका शनिवारी आई म्हणाली,

"डोरे मिटून रायले गा. काही सांग ना तिकडचं."

मी 'हम आपके हैं कौन' सांगितला. तो मी खरंच पाहिला होता, रूम पार्टनरच्या पैशानं. रेणुका शहाणे जिन्यावरून पडते त्या जागी सगळ्यांचे हात थांबले. लहान बहिणीचं लग्न आता भाऊजीशी लावणार म्हटल्यावर एक जण म्हणाली, "माझ्या मामेबहिणीचं असंच तं झालं." आणि कुत्रा चिठ्ठी घेऊन जातो तिथे तर त्या अशा हसल्या की एकीचा जर्दा सांडला. त्या रात्री नेहमीपेक्षा जास्त कट्टे बांधून झाले. आई म्हणाली, "पुढच्या सनवारी दुसरा आनजो."

आणजो म्हणजे सिनेमा. जणू बाजारातून भाजी आणायची.

आता दर आठवड्याला नवा सिनेमा कुठून आणणार? तिकिटाचे पैसे महिन्यातून एकदा जमले तर जमले. पण ओसरीत मी एकदम मोठा माणूस झालो होतो. आमच्या घरात माझं ऐकायला कोणी बसलं असं याआधी कधी झालं नव्हतं. तेव्हा मी एक युक्ती काढली. पोस्टरवर कोण कोण आहे ते पाहायचं, कॅसेटमधली गाणी ऐकायची, रुपया-दोन रुपयांना मिळणारी गाण्यांची पुस्तिका घ्यायची. तिच्यात मागे गोष्ट थोडी दिलेली असे आणि शेवटी "पुढे काय होते ते रुपेरी पडद्यावर पाहा" असं. ते पुढचं मी लावायचो. रूम पार्टनरला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "तू तं सलीम-जावेदचा बाप निघाला." मला अभिमान वाटला.

इथे मोठ्या मायबद्दल सांगितलं पाहिजे.

मोठी माय म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. मोठे बाबा आधीच गेले होते. एक मुलगी, तिचं लग्न होऊन ती सासरी. आणि एक मुलगा, माझा दादा, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. १९८७ च्या उन्हाळ्यात बैलजोडी विकण्यावरून त्याची बापाशी कडाक्याची भांडणं झाली. दुसऱ्या दिवशी तो कामाला जाणाऱ्या पोरांसोबत नागपूरला म्हणून गेला. बरोबरची पोरं पावसाळ्यात रोवणीला परत आली. दादा आला नाही. कोणी म्हणे तो रायपूरकडे गेला, कोणी म्हणे मुंबईला. बाप मेला तेव्हाही त्याला कळवायला पत्ता नव्हता. मोठी माय याबद्दल रडत नसे. फक्त गावात कोणी कामावरून परतलं की ती त्याच्या घरी पाणी प्यायच्या निमित्तानं जायची आणि परत यायची. लोखंडी पेटीत त्याचा शाळेचा दाखला होता. दर दिवाळीला तो बाहेर काढून उन्हात ठेवायची, वाळवी लागू नये म्हणून.

ऑगस्टच्या एका शनिवारी मी 'बाजीगर' सांगितला. सिनेमा येऊन बरेच महिने झाले होते, गाणी सगळ्यांना पाठ होती, पण मी तो पाहिला नव्हता. एवढं माहीत होतं की शाहरुख खान आहे, काजोल आहे, शिल्पा शेट्टीचा पहिला सिनेमा आहे, आणि राखी आई आहे. एका दुष्ट माणसानं बापाचा सगळा कारभार हडपला, बाप गेला, तान्ही बहीण गेली, आईचं डोकं फिरलं. पोरगा बदला घ्यायला निघाला. इथपर्यंत पुस्तिकेत होतं.

पुढचं मी लावलं. माझ्या 'बाजीगर'मध्ये शाहरुख कोणाला मारत नाही. तो दुष्टाच्या कारखान्यात नोकरी करतो, हिशेबाच्या वह्यांमधून त्याची चोरी पकडतो, कोर्टात केस जिंकतो. आणि शेवटी घरी येतो. आई त्याला ओळखत नाही. तो तिच्या पायाशी बसतो, लहानपणी ती म्हणायची ते गाणं म्हणतो. आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवते आणि म्हणते, आलास का रे.

मोठ्या मायचे हात थांबले होते. मांडीवरच्या सुपाकडे पाहत ती म्हणाली, "ओळखलं ना तिनं?"

"ओळखलं, मोठी माय."

"किती वर्सानं?"

मी म्हटलं, "सात."

सात का म्हटलं? दादाला जाऊन सात वर्षं झाली होती म्हणून. मला ते कळत होतं. मी काही चांगलं करतो आहे असंच मला वाटत होतं.

त्यानंतर तिनं तो सिनेमा माझ्याकडून तीनदा सांगवून घेतला. मी शनिवारी नवीन सिनेमा आणला तरी ती म्हणायची, "हा सांगून झाला का मंग तो सांगजो. राखीचा." इतर बाया चेष्टा करायच्या. ती म्हणायची, "तुमाले काय करायचं आहे? तो माझा सिनेमा आहे."

दिवाळी आली. त्या वर्षी आमच्या मंडईत पोरांनी वर्गणी काढून व्हिडिओ आणायचा ठरवला. तेव्हा ही पद्धत होती. तालुक्याच्या गावाहून रंगीत टीव्ही, व्हीसीआर, एक स्टेबिलायझर आणि तीन कॅसेटी एका रात्रीच्या भाड्यानं आणायच्या. सोबत मशीनवाला माणूस यायचा. तो कोणाला हात लावू द्यायचा नाही, आणि त्याला अंड्याची भाजी खाऊ घालावी लागायची. समाजमंदिरासमोर टेबलावर टेबल ठेवून त्यावर टीव्ही मांडला. गाव पोती घेऊन बसलं. पहिली कॅसेट 'जय संतोषी माँ' ची, म्हणजे म्हाताऱ्या बायांनी उठून जाऊ नये. ती संपली, मशीनवाल्यानं दुसरी लावली, आणि पडद्यावर नाव आलं: बाजीगर.

माझ्या पोटात गोळा आला. मी बायांच्या रांगेतून वाकत वाकत मोठ्या मायजवळ गेलो.

"मोठी माय, रात झाली. झोप येत असन ना? चाल, घरी सोडून देतो."

"नाई गा. कायची झोप?" ती सरकून मला जागा करून देत म्हणाली, "बस. आपलाच सिनेमा आहे."

मी बसलो. मीही तो पहिल्यांदाच पाहत होतो. शाहरुखनं शिल्पा शेट्टीला गच्चीवरून खाली ढकललं तेव्हा सगळं गाव ओरडलं. शेजारची बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "का गा, हा तं खुनी निघाला! तू तं म्हनलास नोकरी करते." मी बोललो नाही. मोठी माय काही बोलली नाही. जॉनी लिव्हर आला की पोरं हसत होती. ती हसली नाही, सावरून बसून राहिली. तिला शेवट माहीत होता ना. मधलं काही का होईना.

आणि शेवट आला. पोरगा रक्तानं माखलेला आईपाशी येतो. तिच्या मांडीवर डोकं ठेवतो. आणि मरतो.

टीव्हीवर आई रडत होती. आजूबाजूच्या बाया पदर तोंडाला लावून रडत होत्या. मोठी माय रडली नाही. तिनं आपलं पोतं झटकलं, घडी केली, काखेत घेतलं आणि तिसऱ्या सिनेमाची वाट न पाहता घरी निघून गेली. मी मागे गेलो नाही. माझी हिंमत झाली नाही.

चार दिवस ती ओसरीत आली नाही. आपल्याच घरी बसून बिड्या वळल्या. सुट्टी संपून मी निघणार त्या सकाळी मी तिच्या दारात गेलो. ती पानं भिजवत होती. वर न पाहता तिनं विचारलं,

"तू पायला होतास का तो सिनेमा?"

"नाई."

"मंग तुले कसं मालूम का तो परत आला?"

मी खाली पाहत राहिलो.

"मले वाटलं, पेपरात आलं असन," ती म्हणाली. "तुमच्या पेपरात सारं येते ना. मले वाटलं, असं होत असन कोठी ना कोठी."

रागावली असती तर बरं झालं असतं. मी गाडीत बसून गोंदियापर्यंत तेवढंच ऐकत आलो. सौंदड गेलं, गोरेगाव गेलं, काही दिसलं नाही. त्यानंतर काही शनिवार मी घरी गेलोच नाही. अभ्यास आहे म्हणून कळवलं.

१९९५ च्या जानेवारीत 'करण अर्जुन' लागला. पेपरात वाचलं तेव्हा मी चमकलो. पुन्हा राखी आई. पुन्हा शाहरुख, सोबत सलमान. दुर्जनसिंग म्हणून अमरीश पुरी तिच्या दोन्ही पोरांना मारतो, आणि ती गावभर सांगत फिरते की माझी पोरं परत येतील. गाव तिला वेडी म्हणतं. आणि ती येतात! गोंदियात तो आल्यावर मी दोन दिवस एक वेळ जेवून पैसे जमवले आणि गेलो. वही सोबत नेली. अंधारात दिसत नव्हतं, तरी एकेका प्रसंगाची खूण लिहून ठेवली. कोणतं आधी, कोणतं नंतर. एकही गोष्ट माझ्या मनाची घालायची नाही असं ठरवलं होतं.

रविवारी मोठ्या मायच्या अंगणात बसून मी सगळा सिनेमा सांगितला. वही समोर धरून. आई, शेजारणी, सगळ्या जमल्या. मोठी माय बिड्या वळत होती. तिच्या हाताचा वेग कमी झाला नाही.

"मेले ना पोरं?" तिनं मधेच विचारलं.

"हो. दोघंही."

"मरून परत आले?"

"दुसऱ्या घरी जन्म घेतला. पण मोठे झाल्यावर परत आले. आईले ओळखलं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे तं तूच लावलं असन."

मी खिशातून तिकिटाचा फाटका तुकडा काढला. "पाय ना, मोठी माय. यावेळी खरंच पायला. हे तिकीट."

तिनं तो गुलाबी कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं. उलटापालटा करून पाहिला. "याच्यावर सेवट लिवला आहे का?" तिनं विचारलं आणि परत दिला.

मी कथा सांगण्यात किती पटाईत आहे असं मला वाटायचं. त्या दिवशी मला कळलं की खोटं एकदा सांगितलं की खऱ्यासाठी पुरावा कुठेच मिळत नाही. पुढच्या मंडईत तोच सिनेमा व्हिडिओवर आला. मोठी माय पाहायला गेली नाही. शेजारणींनी घरी जाऊन सांगितलं, "बाई, टुऱ्यानं खरं सांगितलं होतं. येतात पोरं." ती म्हणाली, "सिनेमातच ना?"

पण गोष्ट तिथे संपली नाही. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना ती एक दिवस लुगड्याच्या गाठीतून पैसे घेऊन आमच्या घरी आली. नोटा आणि चिल्लर. बिड्यांचे पैसे. म्हणाली, "तू लिवतेस, वाचतेस. पेपरात हरवलेल्या मानसाचं छापते म्हनते. आमच्याचं छाप."

दादाचा फोटो नव्हता. शाळेच्या दाखल्यावरून मी नाव, जन्मतारीख आणि अंगावरची खूण उतरवून घेतली. डाव्या भुवईवर व्रण. लहानपणी शंकरपटात धुरकरी व्हायच्या नादात पडला होता त्याची ती खूण. मजकूर लिहिला, नागपूरच्या एका पेपरात दिला. छापून आला तो चार ओळींचा. खाली आमच्या गावाचा पत्ता. पेपर घेऊन मी गावी गेलो. मोठी माय म्हणाली, "वाच. जसं लिवलं आहे तसंच वाच. आपल्या मनचं घालजो नोको."

मी वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "येवढंच?"

"येवढंच, मोठी माय."

"आई वाट पाहते, असं नाई लिवलं?"

शब्दांप्रमाणे पैसे पडत होते, म्हणून मी ते गाळलं होतं. जो दर आठवड्याला तिला अडीच तासांचा सिनेमा फुकट लावून देत होता, त्यानं तिचे तीन शब्द वाचवले होते. मी तसं तिला सांगितलं. यावेळी खरं तेच सांगितलं. तिनं मान हलवली. पेपरची घडी करून पेटीत दाखल्याजवळ ठेवली.

उत्तर आलं नाही. दादाही आला नाही. मोठी माय २००८ च्या पावसाळ्यात, रोवणी चालू असताना गेली. पेटी उघडली तेव्हा दाखला शाबूत होता. पेपर पिवळा पडला होता.

आता आमच्या गावात टॉकीज नसलं तरी प्रत्येकाच्या हातात टॉकीज आहे. धान कापायला आलेल्या पोरी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर सिनेमा पाहतात. कोणी कोणाला सिनेमा सांगत नाही, कारण सगळ्यांनी तो पाहिलेला असतो, निदान तुकडे तुकडे. बिड्या वळणाऱ्याही आता म्हाताऱ्याच उरल्या. नटनट्यांची लग्नं, भांडणं, घटस्फोट हे सगळं गोंदियाला कळायच्या आधी आमच्या पाळीवर बसलेल्या पोरांना कळतं. माझ्या त्या वहीला आज कोणी विचारलं नसतं.

तरी २०१६ च्या मे महिन्यातली एक संध्याकाळ आठवते. 'सैराट' लागला होता. एप्रिलच्या शेवटी आला आणि बघता बघता शंभर कोटींच्या पार गेला, असा पहिलाच मराठी सिनेमा. बारावीची परीक्षा देऊन बसलेली माझी पुतणी मैत्रिणींसोबत गोंदियाला जाऊन पाहून आली. आईला दिसायला कमी झालं होतं, टीव्हीही पाहत नसे. पुतणी तिच्याजवळ बसली आणि सांगायला लागली. मी ओसरीतच होतो. विहीर, ट्रॅक्टर, बुलेटवरची आर्ची, पळून जाणं, हैदराबादची खोली, लेकरू. आई हसत होती. "पोरगी मोठी दमाची आहे," म्हणाली.

मला पुढचं माहीत होतं. मी पुतणीकडे पाहिलं. वाटलं, हिनं आता माहेरची माणसं भेटायला येतात, चहा घेतात आणि परत जातात, इथेच थांबावं. ती थांबली नाही. तिनं सगळं सांगितलं. लेकरू दारात येतं, रक्तात पाय भरतात, रडत परत फिरतं. तिचाच आवाज भरून आला होता.

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लेकराले कोणी उचललं?"

"ते नाही दाखवलं, आजी. तिथेच संपते."

"असं कसं संपते? लेकरू रडून रायलं ना?" आईनं माझ्या दिशेनं तोंड वळवलं. "तू सांग गा. तुले मालूम असते सारं. कोणी उचललं?"

बावीस वर्षांनी पुन्हा कोणीतरी माझ्याकडे शेवट मागत होतं. ओसरी तीच, मला वाटतं कोपऱ्यातलं सूपही तेच. माझ्या तोंडाशी शब्द आले होते.

"शेजारची बाई होती तिथे," मी म्हटलं. "लेकराले दारापाशी तिनंच सोडून दिलं होतं. तिनं उचललं असन, आई."

"असन ना?"

"असन. दाखवलं नाई. पण असन."

आईनं मान डोलावली. ती अंधारात चाचपत उठली आणि पुतणीला म्हणाली, "चाल वो, भात लावू."